हातानं दिलेला वारा

ऑर्गनच्या लाकडी अंगावर मधल्या बोटाचं पेर दोनदा आपटायचं आणि म्हणायचं, "वारा, भाऊ." बाईंची सुरुवात अशी व्हायची. मग मी मागच्या बाजूला भात्याचा दांडा दाबायचा, आणि पुढच्या बाजूला त्यांची बोटं चालायची. मध्ये लाकडाची भिंत. मला त्या दिसायच्या नाहीत, त्यांना मी दिसायचो नाही. जे काय होतं ते आवाजानं.

तुमच्यापैकी कोणी चर्चमधला जुना ऑर्गन पाहिला असेल तर पुढूनच पाहिला असेल. सोनेरी नळ्या, कोरीवकाम, वर लाकडी देवदूत. मागं काय असतं ते मी सांगतो. मागं खाटेएवढा चामड्याचा भाता असतो आणि गावच्या हापशाला असतो तसा एक दांडा. दांडा मारला की भाता फुगतो, त्याचा वारा नळ्यांत जातो. भात्याला दोरी, दोरीला शिशाचा गोळा. भाता भरला की गोळा खालच्या रेघेवर येतो, रिकामा व्हायला लागला की वर चढतो. एवढीच विद्या. पूर्वी सगळीकडे माणूसच वारा द्यायचा. आता मोटार देते.

बाई नगरच्या ख्रिस्ती. लहानपणी मिशनच्या चर्चमध्ये पेटी शिकल्या, नर्स होऊन इकडं लंडनला आल्या, आणि रिटायर झाल्यावर ईलिंगच्या त्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागल्या. ठेंगण्या, रुंद, केसांना मेंदी, हातात बोटं कापलेले लोकरीचे मोजे. त्या चर्चमध्ये उन्हाळ्यातही थंडी वाजते.

माझी त्यांची ओळख हॉस्पिटलात झाली. आमची ही तिथं होती. बाई वॉर्डात चहाची गाडी फिरवायच्या, सेवा म्हणून. हिनं कण्हताना "आई गं" म्हटलं, आणि गाडी जागच्या जागी थांबली.

"कुठल्या हो तुम्ही?"

"नागपूरच्या," मी म्हणालो.

"मग हा चहा पिऊ नका. उद्या आपला आणते."

दुसऱ्या दिवशी थर्मासमध्ये आल्याचा चहा आला. ही गेली त्या आठवड्यापर्यंत रोज आला. पिणं हिला होत नव्हतं, तरी वास घ्यायची.

ही गेल्यावर मी घरात बसून राहिलो. मुलगा मँचेस्टरला, त्याला त्याचा संसार. तो म्हणाला, "बाबा, इकडं या." मी गेलो नाही. गॅस पेटवायचा कंटाळा यायचा. ब्रेड फॅक्टरीत सारी उमर ओव्हनसमोर काढलेला माणूस मी, आणि घरात ब्रेडला बुरशी यायची. एका सकाळी बाई दारात.

"हात धड आहेत का?"

"आहेत."

"मग चला. आमची मोटार जळाली. तिचा जुना भाग कुठं मिळत नाही. रविवारी लोक कोरडंच गातात."

"बाई, आम्ही बुद्धाची माणसं. चर्चमध्ये माझं काय काम?"

"वाऱ्याला धर्म असतो का? कोट घाला."

तो हिवाळा मी खरा वारा दिला. हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढं काय झालं ते वाचून तुम्हाला वाटेल की काहीच खरं नव्हतं. पहिल्या दिवशी गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला गोळा वर चढला, माझा दम गेला, आणि ऑर्गन शेळीसारखा ओरडला. पलीकडून बाई म्हणाल्या, "भाऊ, झोपलात का? सूर रडायला लागलाय."

"मी पण," मी म्हणालो.

त्या हसल्या असाव्यात, कारण पुढचे दोन सूर चुकले.

खांदे भरून यायचे. बनियन पिळून काढावं असा घाम. पण घरी गेलं की भूक लागायची. गुरुवारी सराव, रविवारी प्रार्थना. मधल्या सुट्टीत बाई फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी-भाजी काढायच्या. "आपलं पोट आणि आपला भाता, दोन्ही रिकामे ठेवायचे नाहीत." पाद्री आला की इंग्रजीत गोड बोलायच्या आणि तो वळला की मराठीत म्हणायच्या, "देवाला फसवता येत नाही भाऊ, पण याला येतं."

हे वाक्य मी तेव्हा हसून सोडलं.

वसंत आला तशी कामाची सवय झाली. दांडा मारला न मारला, गोळा रेघेवरून हलेना. मी जरा हळू मारून पाहिलं, तरी गोळा जागेवर. मला वाटलं, जमलं. बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, हात बसला तुमचा." हात बसला हे शब्द मी घरी येऊन हिच्या फोटोला सांगितले. फॅक्टरीत मला असं कधी कोणी म्हटलं नव्हतं.

बाई मला शिकवायच्याही. त्या ऑर्गनचं जुळवणं जुन्या पद्धतीचं होतं. काही सूर एकत्र धरले की मधासारखे लागायचे आणि काही धरले की दात आंबायचे. मी म्हणालो, "बिघडलाय का हा?" त्या म्हणाल्या, "नाही हो. आजकालच्या वाद्यात आंबटपणा सगळ्या सुरांत थोडा थोडा वाटून टाकतात, कुणाला कळू नये म्हणून. जुनी माणसं तसं करत नव्हती. आंबट आहे ते आंबट. लपवायचं नाही." बोलताना चेहरा असा, जसं काही चर्चमधलं प्रवचनच चाललंय.

मग पुढच्या वर्षी ती स्पर्धा आली.

जुन्या काळचं संगीत, जुन्या ऑर्गनवरच वाजवायचं, अशी स्पर्धा. देशोदेशीची पोरंपोरी येणार. एक फेरी लंडनच्या कुठल्यातरी जुन्या ऑर्गनवर घ्यायची होती, आणि त्यासाठी तीनचार चर्चं बघत होते. कमिटीची माणसं आमच्याकडं आली तेव्हा बाईंनी त्यांना पुढच्या नळ्या दाखवल्याच नाहीत. सरळ मागं घेऊन आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि इंग्रजीत म्हणाल्या की आमच्याकडं अजून माणूस वारा देतो. ती माणसं माझ्याकडं अशी पाहायला लागली की मी कोरलेला देवदूत आहे. फोटो काढला. दांड्यावर हात, बाही वर केलेली. आमचं चर्च निवडलं गेलं, आणि स्पर्धेच्या छापील पुस्तिकेत तो फोटो आला.

मी त्या पुस्तिका वाटल्या. आमच्या भीमजयंतीच्या हॉलवर वाटल्या, खालच्या पंजाब्याला दिली, डॉक्टरच्या रिसेप्शनवर एक ठेवून आलो. आमचा मेश्राम, फॅक्टरीपासूनचा माझा जोडीदार, तो म्हणाला, "जय भीम म्हणतो आन् चर्चमधी भाता मारतो. बाबासाहेबांनी हेच सांगितलं का तुला?"

मी म्हणालो, "बाबासाहेबांनी काम करायला नाही म्हटलं का?"

"मग आम्ही येतो बघायला."

"या. सगळे या."

सगळ्यांना बोलावून बसलो.

फेरीच्या आदल्या दिवशी दुपारी स्पर्धेचा कारागीर आला. ऑर्गन बांधणारा, लांब दाढीचा, शांत माणूस. बरोबर त्याच्या कारखान्यातले दोन दांडगे गडी. एक पोरगी सरावाला बसली होती, परदेशी, हाडकुळी. कारागिरानं सगळं तपासलं आणि बाईंना म्हणाला की मोटारीची वायर काढतो. बाई म्हणाल्या, "वायर जुनी आहे, तिला हात लावू नका." तो म्हणाला, स्पर्धेत मोटार चालत नाही, वारा हाताचाच हवा. बाई परत म्हणाल्या, "राहू द्या ना, कुणाला कळतंय." हे इंग्रजीत झालं, पण एवढं इंग्रजी मला येतं. मी म्हणालो, "काढू द्या की. जळालेल्या मोटारीची वायर ठेवून काय करता?" कारागीर बाहेरच्या शेडमध्ये जाऊन आला.

आणि इतके दिवस चर्चमध्ये जी बारीक घरघर होती, जी मला हीटिंगची वाटायची, ती थांबली.

पोरीनं वाजवायला घेतलं. मी रोजच्यासारखा दांडा मारला. गोळा सुटला तो वर चढतच गेला. मी जोर लावला, दोन हातांनी मारला, पायाचा आधार घेऊन मारला. ऑर्गन ओरडला आणि बसला. पोरगी थांबली. मला वाटलं चामडं फाटलं. मी खाली वाकून भाता चाचपायला लागलो. कारागीर मागं आला आणि अगदी सरळ मनानं म्हणाला, "भाता ठीक आहे. एवढे दिवस तुम्हाला मोटारची मदत होती. आता नाही, म्हणून जड लागतंय." मग त्यानं मोटार किती चांगली दुरुस्त केली आहे याचं कौतुक केलं.

त्याचा काही दोष नाही. त्याला वाटलं मला ठाऊक असेल. कुठल्याही माणसाला वाटलं असतं.

एका गड्यानं माझ्या हातातून दांडा घेतला. ओढून घेतला नाही, नीटच घेतला. मी बाजूच्या खोलीत जाऊन बसलो. तिथं पाद्री कपडे बदलतो, किटली असते. थोड्या वेळानं बाई आल्या. पाणी उकळायला ठेवलं.

मी विचारलं, "मोटार कधी झाली दुरुस्त?"

"गेल्या वर्षी मार्चमध्ये."

"मग काहून सांगितलं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?"

"नसतो आलो."

"मग?"

"मग काय मग? नसतो आलो तर नसतो आलो."

"तुम्ही तेव्हा जेवत नव्हता भाऊ. सहा फुटांचा माणूस, कोट हँगरला लावल्यासारखा दिसत होता."

"म्हणून मला खेळणं दिलं हातात. रडणाऱ्या पोराला खुळखुळा देतात तसं."

"तसं नाही."

"मग कसं? मी दांडा हलवायचो तो वारा कुठं जायचा?"

त्या म्हणाल्या, "बाहेर. भाता भरलेला असला की जास्तीचा बाहेर जातो."

वर्षाहून जास्त काळ मी घाम गाळत होतो आणि तो सगळा वारा चर्चच्या भिंतीबाहेर जात होता. आणि पलीकडून ही बाई मला "हात बसला" म्हणत होती.

तरीही एवढंच असतं तर मी गिळलं असतं. दया गिळायला कठीण असते पण म्हातारपणी माणूस शिकतो. मी विचारलं, "आणि तो फोटो? कमिटीला माझ्या खांद्यावर हात ठेवून दाखवलंत, ते कुणाच्या जेवणासाठी?"

किटली बंद झाली. बाईंनी चहा केलाच नाही. हातमोज्याचा एक सुटलेला धागा ओढत बसल्या.

मग म्हणाल्या, "हा ऑर्गन एकदा तरी नीट ऐकला जावा असं वाटत होतं. रविवारी बारा म्हातारी माणसं येतात. त्यातली चार बहिरी."

"मग माझा बळी दिलात."

"उद्या तुम्हीच उभे राहा. मी त्या माणसाला सांगते."

"नको. तुम्ही सांगाल आणि परत शेडमध्ये काहीतरी जोडून ठेवाल."

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी घरी बसणार होतो, पण मेश्राम आणि मंडळी बसमधून उतरून मला घ्यायला दारातच आली. बायका चांगली लुगडी नेसून आल्या होत्या. गेलो. बाकावर बसलो. मेश्राम म्हणाला, "काय रे, भात्यामागं नाही?"

मी म्हणालो, "मोटार होती. मला माहीत नव्हतं. मी नुसता दांडा हलवत होतो."

तो आधी हसला, मग माझं तोंड बघून पुढं पाहायला लागला. पण बाकावरून बाकावर ते गेलंच. आजही हॉलवर मला पाठीमागं 'मोटार' म्हणतात. तोंडावर म्हणत नाहीत, एवढी रीत आहे.

परीक्षक पडद्याआड बसले होते, वाजवणारा कोण ते त्यांना दिसू नये म्हणून. नावं नाहीत, नुसते नंबर. ती हाडकुळी पोरगी आली तेव्हा मी ओळखलं. आणि खरं सांगतो, तो ऑर्गन मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मागं उभ्या माणसाला दांड्याची करकर ऐकू येते, पट्ट्यांची खडखड ऐकू येते, आपला श्वास ऐकू येतो. गाणं पुढं जातं. ते दोघं गडी वारा देत होते आणि सूर एका जागी गोठल्यासारखे राहत नव्हते, किंचित हलत होते, माणसाचा गळा हलतो तसे. मध्ये एकदा ते आंबट सूर आले. पोरीनं ते धरून ठेवले, सोडलेच नाहीत. आमच्या बाकावरच्या एका बाईनं पदर तोंडाला लावला.

मला राग आला. इतकं चांगलं होतं म्हणून राग आला. तिथं मागं मी असायला हवा होतो, दमलो असतो तरी.

बाई पुढच्या बाकाच्या टोकाला बसल्या होत्या. एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. मी वरच्या छताकडं पाहिलं.

त्यानंतर मी गेलो नाही. बाई फोन करायच्या, मी उचलायचो नाही. मग त्या दारात डबा ठेवून जायला लागल्या. कधी भरलं वांगं, नाताळला करंज्या. आपल्यात कुणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतो. आमच्या हिनं जन्मात कुणाचं भांडं रिकामं पाठवलं नाही. मी बाईंचा डबा धुऊन, पुसून, रिकामा त्यांच्या फाटकाशी ठेवून यायचो. बेल न वाजवता. मुद्दाम. त्यांना कळत होतं. तरी पुढच्या आठवड्यात डबा यायचाच. बाई चिवट होत्या. तुम्ही असली माणसं पाहिली असतील. चूक कबूल करायची नाही, पण वांगं पाठवायचं थांबवायचं नाही.

मग एका आठवड्यात डबा आला नाही. पुढच्याही नाही. हॉलवर कळलं की बाईंचं हृदय थांबलं, क्रॉयडनच्या मुलीकडं गेल्या होत्या तिथं.

मी मुलीला फोन केला. म्हणालो, "तुझ्या आईच्या प्रार्थनेला वारा मी देणार. मोटार बंद ठेवायची."

ती इथंच जन्मलेली, मराठी बोलते पण अडखळत. "काका, तुम्ही खूप म्हातारा झालात. मोटार चालू ठेवला तर? जस्ट इन केस?"

"नाही."

"पण मम्मीचं फ्युनरल आहे काका."

"म्हणूनच."

ती बिचारी हो म्हणाली. मी स्वतः शेडमध्ये जाऊन मोटार बंद केली आणि शेडची चावी खिशात ठेवली. तुम्हाला वाटेल म्हातारा विरघळला, माफ करायला गेला. तसं नव्हतं. माझ्या आणि त्या बाईच्या मधलं शेवटचं काम तरी खोटं होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. रागानंच गेलो होतो.

वाजवायला दुसऱ्या चर्चचा माणूस आणला होता. लांबलांबून नगरची माणसं आली होती. बायकांनी आपलं मराठी गीत घेतलं. इंग्रज लोक चार कडव्यांत आटपतात. नगरच्या बायका तसं करत नाहीत. प्रत्येक ओळ दोनदा, शेवटची तीनदा, आणि चाल अशी संथ की वाटेत बसून जेवून घ्यावं. मी दांडा मारत होतो. पहिली तीन कडवी गोळा सांभाळला. कारागिराच्या गड्यानं माझ्याकडून दांडा घेतला तेव्हा त्याचे पहिले दाब पाहून कळलं होतं, घाई करायची नाही, खोल दाबायचं. मग दाब उथळ पडायला लागले. गोळा वर चढायला लागला. कोट काढून फेकला. माझ्या छातीतून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

आणि सूर घसरला. एक लांब कण्हल्यासारखा आवाज आला, आणि ऑर्गन गप्प झाला. लोकांनी वळून पाहिलं असेल, मला दिसलं नाही. मी दांड्याला धरून उभा होतो.

बायका थांबल्या नाहीत. ऑर्गन होता तेव्हा जशा गात होत्या तशाच गात राहिल्या, त्याच संथ चालीत, ओळ दोनदा म्हणत.

मुलगी मागं धावत आली. काळा ड्रेस, डोळे सुजलेले. हळू आवाजात म्हणाली, "काका, काय झालं? बंद पडला का?"

मी म्हणालो, "बंद नाही पडला. मी दमलो."